उजव्या हातावरचा शिक्का

वसई,
दि. १८ जुलै १९९९

चि. सौ. सकूस,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवसांनी मिळालं. पावसाने पाकिटावरचा निम्मा पत्ता पसरला होता, पण शाळेचं नाव तेवढं वाचता येत होतं. शिपायाने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मधल्या सुट्टीत, मुली डबे खात असताना उघडलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आपल्या सोनीला क्षय! वीस वर्षांची पोर, मागच्या वर्षीपर्यंत पाण्याचे तीन हंडे घेऊन डोंगर चढणारी.

पण सकू, घाबरू नकोस. आपल्या लहानपणी हा रोग म्हणजे शेवट होता, आता तसं नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत बरा होतो. फक्त एकही दिवस चुकता कामा नये. पोरीला बरं वाटायला लागलं की ती नको म्हणेल. तेव्हा तू बोर्डिंगातल्या सिस्टर मोनिकासारखी समोर उभी राहा आणि तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून बघ. आठवतं ना, एरंडेल पिताना तू गालात धरून ठेवायचीस आणि मग उंबराखाली जाऊन थुंकायचीस? तो उंबर त्यामुळेच इतका फोफावला असं मी सगळ्यांना सांगायचे.

डाव्या हातावर गोंदण असल्यामुळे त्यात सुईचा फुगवटा दिसणार नाही, म्हणून मंजुषा नर्सबाईंनी तपासणीची सुई उजव्या हातावर टोचली आणि भोवती निळ्या शाईचं रिंगण काढलं, असं तू लिहिलंस. बाई हुशार दिसतात. त्यांचं ऐक. सोनीच्या हातावरचं गोंदण आईच्या हातावर होतं तसंच आहे का गं? ते तीन ठिपके आणि वरचं मोराचं पाऊल? परवा वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता आईचे हात आठवले आणि खडू थांबला.

मी दिवाळीच्या सुट्टीत सूर्यमाळला येईन म्हणते. सोनीच्या बाबांना, नवसूभाऊंना, नमस्कार. पत्र नेहमीप्रमाणे शाळेच्याच पत्त्यावर टाक. घरी पाठवू नकोस, तिथे टपाल इकडेतिकडे होतं.

माया तुझ्यावर आहेच, ती पत्रातून मोजू नकोस. सोनीच्या गोळ्या मात्र रोज मोज.

तुझी,
चंद्रकलाताई


सूर्यमाळ, ता. मोखाडा,
दि. २९ ऑगस्ट १९९९

ती. चंद्रकलाताईस,
सकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक. नागली लावून झाली. सोनी आता भाकरी मागून खाते. ताप नाही, खोकला कमी. परवा लावणीला पण उतरली, मी ओरडले तरी ऐकलं नाही. सोनीचा बा म्हणाला की ओरडू नको, कामाला लागली म्हणजे बरी झाली.

ताई, एक विचारायचं आहे. पलीकडच्या पाड्यावरचा ढवळू तुला आठवत असेल, आपल्या मामाच्या शेजारचा. आठ वर्षं भिवंडीला होता. आता परत आला आहे आणि त्याच्याकडे शास्त्राचं पुस्तक आहे. संध्याकाळी घरोघर येतो, वाचून दाखवतो, डफ वाजवून गाणी म्हणतो. दारू सुटली त्याची. त्याच्यामुळे आमच्या शेजारच्या माघ्याची पण सुटली. माणूस वाईट नाही. आमच्या चुलीपाशी बसून नागलीची भाकरी खातो आणि सोनीच्या डोक्यावर हात ठेवून रडत रडत प्रार्थना करतो.

पण तो म्हणतो की दिवस भरत आले. दोन हजार साल लागलं की पहिल्याच सूर्याबरोबर प्रभू येणार. त्याच्याआधी श्वापदाचा, म्हणजे देवाच्या वैऱ्याचा, शिक्का लोकांच्या उजव्या हातावर मारला जाईल. ज्यांनी तो घेतला ते गेले. हे सांगताना त्याची नजर सोनीच्या हातावर पडली. सुईची जागा अजून गोल, काळसर आहे. मग त्याने हळूच विचारलं की हा कोणी मारला, आणि दवाखान्याच्या कार्डावर हिचा नंबर आहे का, श्वापदाचाही नंबर असतो म्हणे. नंबर तर आहेच. गोळ्यांनी लघवी लाल होते हे पण सोनीने त्याला सांगून टाकलं, वेडी कुठली. नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं की औषधाचा रंग आहे, भिऊ नका. पण तो म्हणाला की शिक्का अंगातलं रक्त बाहेर काढतोय.

त्या रात्रीपासून सोनी हात पदराखाली घेऊन झोपते.

मला पण धडकी भरली, कारण ताई, हे मी आधी ऐकलं होतं. तूच सांगितलं होतंस, बोर्डिंगात, उंबराखाली. मी सात वर्षांची होते. तू म्हणालीस की ज्याच्या हातावर खूण असेल त्याला देव आत घेत नाही, आणि आईच्या तर दोन्ही हातांवर आहे. मी तीन दिवस जेवले नव्हते. म्हणून तुला विचारते. तू सगळं पुस्तक वाचलं आहेस. खरं काय ते लिही. आणि जमलं तर दिवाळीची वाट बघू नको, आधीच ये. तू तोंडाने सांगितलंस तर सोनी ऐकेल.

चुकलं असेल तर लहान समजून सोडून दे, पण उत्तर सोडू नको.

तुझी,
सकू


वसई,
दि. २० सप्टेंबर १९९९

चि. सौ. सकूस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी त्याच दिवशी आमच्या फादरना जाऊन विचारलं, आणि घरी येऊन स्वतःही वाचून काढलं. आता शांतपणे ऐक आणि हे पत्र सोनीला मोठ्याने वाचून दाखव.

त्या दिवसाची आणि घटकेची कोणालाच माहिती नाही असं प्रभूने स्वतः सांगून ठेवलं आहे. जो तारीख सांगतो तो प्रभूपेक्षा शहाणा झाला. हे काही आजचं नाही. संत पौलाच्या काळी एका गावात अशीच आवई उठली की तो दिवस आलाच आहे, आणि लोक कामधंदा सोडून बसले. तेव्हा पौलाने त्यांना पत्र लिहिलं, मी तुला लिहिते तसंच. त्याने लिहिलं की घाबरून जाऊ नका, कोणी काहीही सांगो, फसू नका. शेवटी फसवणारा येईल तो खोटे चमत्कार घेऊन येईल. आणि जे फसतील ते का फसतील, तर सत्य त्यांच्यापर्यंत आलं होतं, पण त्यांनी त्याच्यावर प्रेम केलं नाही म्हणून. सकू, ही ओळ मी कितीदा तरी वर्गात शिकवली आहे. सत्य नुसतं माहीत असून भागत नाही, ते आवडावं लागतं, ते कडू असलं तरी.

तर कडू गोळी घ्यायची. सोनीच्या हातावर आहे ती सुईची खूण, दुसरं काही नाही. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलींच्या हातावर तशी सुई टोचलेली आहे. श्वापदाचा शिक्का म्हणजे माणसाने आपलं मन खोट्याला विकणं. तो नर्सबाई मारू शकत नाहीत. आणि कार्डावरच्या नंबराचं म्हणशील तर माझ्या रेशनकार्डावरही नंबर आहे, त्यावर फक्त रॉकेल मिळतं.

तू उंबराखालचं लिहिलंस. मला असं काही बोलल्याचं आठवत नाही. मी आईविषयी असं कसं बोलेन? तू लहान होतीस, दुसऱ्या कुठल्या मुलीने सांगितलं असेल आणि तुझ्या मनात माझा चेहरा बसला असेल. असं होतं.

दिवाळीत यायचं जमेलसं दिसत नाही. माझ्या रॉबिनच्या सासरची मंडळी राहायला येणार आहेत आणि माझा गुडघाही धरला आहे. नाताळ झाल्यावर नक्की येते. तोवर तू खंबीर राहा.

पत्राचा राग येऊ देऊ नकोस, आणि आला तरी माझ्यावर काढ, औषधावर नको.

तुझी,
चंद्रकलाताई


सूर्यमाळ,
दि. ७ नोव्हेंबर १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वेळेवर पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

सोनीने गोळ्या सोडल्या. पितृपक्ष संपला त्या आठवड्यात. मी जीभ वर करून बघायचे, पण ती माझीच लेक, गालात धरायची आणि गोठ्यामागे जाऊन थुंकायची. मला कळलं तेव्हा वीसेक दिवस होऊन गेले होते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ढवळू पण बसला होता, त्याला पण ऐकू दिलं, म्हटलं काय ते समोरासमोर होऊ दे. त्याने शांतपणे ऐकलं. मग आपलं पुस्तक उघडून पौलाचं तेच पत्र काढलं आणि म्हणाला की ताईंनी एक गोष्ट सोडली. यातच लिहिलं आहे की कोणाचं पत्र आलं तरी डगमगू नका. मग मोठं कोण, हे पुस्तक की वसईचं पाकीट? मी चौथीपर्यंतच शिकले.

तरी मी सोनीला म्हटलं की मावशी शिकलेली आहे, ती खोटं कशाला सांगेल. तेव्हा ती बोलली. ताई, हे मी लिहिणार नव्हते. दोन वर्षांमागे सोनी आणि तिचा बा रेतीच्या कामाला वसईच्या खाडीवर आले होते, तेव्हा तुला भेटायला शाळेत आले होते. तू फाटकापाशी आलीस, दोघांना चहा पाजलास, सोनीला रिबिनी दिल्यास. तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनी विचारलं की हे कोण. तू सांगितलंस की मिशनकडचे गरीब लोक आहेत, मदतीला आलेत. सोनीने मला हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. म्हणाली, जी मावशी मी कोण ते खरं सांगत नाही, तिचं हातावरचं खरं मी कसं मानू. आणि ढवळूमामा तर रोज चालत येतो.

मी तिला एक चापट मारली. मग दोघी रडलो.

मला राग नाही, ताई. पत्र शाळेच्या पत्त्यावरच का टाकायचं ते मला पहिल्यापासून कळत होतं. तू मोठ्या घरात पडलीस. पण आता ये. पोर पुन्हा खोकते आहे. नागली काढून झाली, तर ढवळू सांगतो की बी ठेवू नका, पुढचा पाऊस या जमिनीवर पडणार नाही. त्याने स्वतःच्या शेळ्या वाटून टाकल्या. निम्मा पाडा बियाणं दळून खातो आहे. मी आमचं मडकं लपवून ठेवलं आहे.

तू येशील तेव्हा बोलू, नाही आलीस तर हे पत्र फाडून टाक.

तुझी,
सकू


वसई,
दि. २३ डिसेंबर १९९९

चि. सौ. सकूस,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघा फार दुखतो आहे आणि घरात नाताळची धांदल आहे, म्हणून पत्राला उशीर झाला. सोबत सोनीसाठी लोकरीचा स्वेटर आणि नेवऱ्यांचा, म्हणजे आपल्या करंज्यांचा, डबा पाठवते आहे. स्वेटर निळा आहे, तिला खुलेल. तिला सांग, मावशीने स्वतः विणला. मंजुषाबाईंना भेटून गोळ्या पुन्हा सुरू करा. मी जानेवारीत येतेच आहे.

बाकी तू लिहिलेल्या गोष्टींविषयी भेटीत बोलू. सगळ्याच गोष्टी कागदावर मावत नाहीत.

नाताळच्या दिवशी तुम्हा सर्वांची आठवण काढीन, तुम्हीही काढा.

तुझी,
चंद्रकलाताई


सूर्यमाळ,
दि. ९ जानेवारी २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा आणि स्वेटर मिळाला, चार तारखेला. उशीर झाला.

एक तारखेला पहाटे सगळे डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर गेले. ढवळूने सांगितलं होतं की पांढरं नेसा आणि अंगावर काही घेऊ नका, प्रभूसमोर घोंगडी पांघरून जायचं नसतं. सोनीला मी अडवलं. तिच्या बानेही अडवलं, तर म्हणाली की माझ्या हातावर शिक्का आहे, मी पश्चात्ताप केला नाही तर मी एकटीच मागे राहीन, तुम्ही सगळे जाल. मी पण गेले. तिला मांडीवर घेऊन बसले. वारा असा होता की पोरं रडायची पण थांबली.

सूर्य उगवला. रोजच्यासारखा. कोंबडे आरवले, खालच्या पाड्यावर कोणीतरी लाकडं फोडायला लागलं. आम्ही बसून राहिलो. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तुका म्हाताऱ्याने विचारलं की आता घरी जाऊन भाकरी केली तर चालेल का. कोणी हसलं नाही. ढवळू गुडघ्यात डोकं घालून बसला होता. संध्याकाळपर्यंत तसाच.

सोनीने दुसऱ्या दिवशी रक्त टाकलं. नवसू आणि माघ्या झोळीत घालून मोखाड्याला घेऊन गेले, तिथून जीपने जव्हारला. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते कार्ड बघत राहिले. मंजुषाबाई रडल्या. आता पुन्हा गोळ्या, रोज सुई. पोर मुकाट घेते. पण अंगात काही राहिलं नाही. डॉक्टरांनीच पाचव्या दिवशी घरी न्या म्हणून सांगितलं.

ताई, मला एक कबूल करायचं आहे. तुझं पत्र खरं आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण ढवळू म्हणत होता की पोर बरी झाली, आणि ते ऐकायला फार गोड वाटत होतं. तू लिहिलं होतंस तसं. माहीत होतं, आवडलं नाही.

काल सोनीने विचारलं की मावशी येते आहे का. मी हो म्हटलं. मला खोटं पाडू नको.

तुझी,
सकू


वसई,
दि. १७ जानेवारी २०००

माझ्या लाडक्या सकूस,

आज आशीर्वाद लिहायची माझी लायकी नाही, म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलं.

उंबराखालचं मला आठवतं. तेव्हाही आठवत होतं, सप्टेंबरात मी नाही म्हणून लिहिलं तेव्हाही. तू निळा फ्रॉक घातला होतास, तुझ्या हातात अर्धा पेरू होता. पालकांच्या भेटीचा रविवार होता. आई डोंगरावरून नागलीच्या भाकरी घेऊन आली होती, आणि माझ्या वर्गातल्या दोन मुली तिच्या हातांकडे बघून हसल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला आईचा आला. ती गेल्यावर तो मी तुझ्यावर काढला. मला शास्त्राचं भय नव्हतं, सकू. मला फक्त तुला रडवायचं होतं, म्हणजे मी एकटी उरले नसते. ढवळूने पेरलं असेल, पण जमीन मी नांगरून ठेवली होती.

आणि ते फाटक. माझी लेक असती तर सोनीसारखीच असती असं रिबिनी देताना मनात आलं होतं, आणि पुढच्याच क्षणी मी ते वाक्य बोलले. घरी मी पस्तीस वर्षं सांगत आले की जव्हार गावातलं माझं माहेर, आता तिथे कोणी नाही. ही ओळ मी मुलींना वर्गात किती ठसक्यात शिकवायचे, की ज्यांनी सत्यावर प्रेम केलं नाही त्यांना देव खोट्यावर विसंबू देतो. मला कायम वाटायचं की ते लोक दुसरे कोणीतरी आहेत.

काल रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. रॉबिनने हातातला घास खाली ठेवला. मग त्याने विचारलं की माझी मावशी जिवंत आहे आणि मला माहीत नाही? सूनबाईने ताट सारलं आणि म्हणाली की त्या पोरीला इथे घेऊन या, इथे चांगले डॉक्टर आहेत. मला वाटलं होतं घर कोसळेल. काहीच कोसळलं नाही. इतक्या लहान गोष्टीसाठी मी काय घालवून बसले!

रॉबिनला २९ तारखेच्या शनिवारी सुट्टी आहे. तो गाडी काढतो आहे. सोनीला सांग, मावशी येते, आणि फाटकापाशी नाही, आत, तिच्या उशाशी बसणार. उंबराखालचं मी तिला स्वतःच्या तोंडाने सांगेन. माझ्या घरचा पत्ता खाली देते. यापुढे पत्र तिथेच टाक.

क्षमा मागत नाही, ती तू आधीच केलेली दिसते. वाट बघ, एवढंच.

तुझी,
चंद्रकला


सूर्यमाळ,
दि. २४ जानेवारी २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी पोचलं. सोनी बुधवारी गेली, एकोणीस तारखेला, सकाळी. निळा स्वेटर अंगात होता. शेवटपर्यंत काढू दिला नाही.

तुझं पत्र तिला ऐकवायचं राहिलं. मग मी आज तिला माती दिली तिथे जाऊन मोठ्याने वाचलं. ढवळू आला होता. तो रोज येतो, पाणी भरून ठेवतो. खड्डा त्यानेच खणला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. तू स्वतःविषयी लिहिलेलं वाचून झालं तेव्हा तो म्हणाला की हे पत्र खरं आहे. पुस्तक त्याने माझ्याकडे ठेवायला दिलं आहे, म्हणतो, ताई आल्या की त्यांनी वाचावं, मी खाली बसून ऐकेन. पाड्यातले लोक त्याला शिव्या देतात. मी देत नाही. मी लपवलेल्या मडक्यातलं बी मात्र सगळ्यांना वाटून देणार आहे, राबाचे, शेत भाजायचे दिवस जवळ आले.

ताई, न्हाऊ घालताना मी तिचा उजवा हात बघितला. उन्हात नेऊन बघितला. सुईची जागा कुठे होती ते सापडलंसुद्धा नाही. केव्हाच पुसली गेली होती, आणि पोर अखेरपर्यंत तो हात पदराखाली धरून होती. डाव्या हातावरचं गोंदण तेवढं राहिलं. तीन ठिपके आणि वर मोराचं पाऊल. आईसारखंच. तू विचारलं होतंस, मी उत्तर द्यायची राहिले होते.

मयताची खबर आमच्यात टपालाने देत नाहीत, माणूस पाठवतात; तुझ्या घरचा पत्ता नव्हता म्हणून थांबलो होतो. नवसू उद्या पहाटे निघतो. हे पत्र घेऊन तो तू दिलेल्या पत्त्यावर येईल. पायात चपला नसतील, डोक्यावरचे केस काढलेले असतील. दारातूनच हाक मारेल, आत यायला लाजेल.

तो तुझा कोण, ते घरातल्या सगळ्यांना सांगून त्याला आत घे.

तुझी,
सकू